पिस्तुलाचा ट्रिगर आणि केबिन बॅगेचा काटा

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची यादी मोठी आहे, पण तिच्यात पहिले येतात आमच्या तालुक्याच्या शाळेतले एनसीसीचे सर. ते गणितही शिकवायचे. माझी आणि त्यांची पहिली भेट मात्र वर्गात झाली नाही. एसटी स्टँडसमोर माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे झाली. मी तेव्हा आठवीत होतो आणि एका ट्यूबचं पंक्चर पाण्याच्या घमेल्यात शोधत होतो.

सर म्हणाले, "जुने ब्रेकचे दांडे आहेत का? पाच-सहा द्या. जरा घट्ट बघून द्या."

वडील म्हणाले, "घट्ट कशाला, सर? लोक मऊ मागतात."

"मला सायकलला नाही लावायचे. बंदुकीला लावायचेत."

वडिलांच्या हातातला पाना तसाच राहिला. मग सरांनी खुलासा केला. शाळेकडे छऱ्यांची एकच बंदूक होती, तीही कुलपात, आणि छरे मोजून मिळायचे. म्हणून त्यांनी सुताराकडून लाकडी बंदुका करून घेतल्या होत्या. घोड्याच्या जागी ब्रेकचा दांडा, आत स्प्रिंग, आणि दांडा शेवटपर्यंत दाबला की पत्र्याची पट्टी टक् वाजायची. नळीवर खडूचा तुकडा उभा करायचा. टक् वाजलं आणि खडू पडला नाही, तर नेम बरोबर. दोन वर्षं आम्ही पोरांनी एकही छरा न उडवता असा नेम धरला.

बहुतेकांचा खडू पडायचा. माझा तर हमखास. सर मागून यायचे आणि विचारायचे, "ब्रेक दाबतोयस की माशी मारतोयस?" मग सांगायचे, "शाळेमागच्या उतारावरून सायकल घेऊन येतोयस असं समज. समोर म्हातारी आली. कचकन ब्रेक मारशील? पालथा पडशील. हळूहळू दाबत आणायचा. सायकल कधी थांबली ते तुझं तुलाही कळायला नको."

दहावीत जिल्ह्याच्या निवडीला मी गेलो. खरी बंदूक, पाच छरे, नेम धरायचं एक कार्ड. पाचही वेळा मी माशी मारली. परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. सरांनी भुईमुगाच्या शेंगांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "एक कार्ड राहिलं माझं तुझ्याकडे. कधीतरी आणून दे." एवढंच. पुढे कधी तो विषय त्यांनी काढला नाही, आणि मी विसरलो नाही.

बारावीनंतर मी दुकानात बसावं असं वडिलांना वाटत होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचंही काही चुकत नव्हतं. सर रोज संध्याकाळी आपली सायकल घेऊन दुकानात यायला लागले. वडील चाक फिरवून बघायचे, चेन बघायचे, हवा बघायचे. आठव्या दिवशी ते वैतागले. "सर, ह्या सायकलीला काहीही झालेलं नाही."

सर म्हणाले, "मग मुलाला इंजिनिअरिंगला पाठवायला तुमची काय हरकत आहे?"

ह्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे वडिलांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पण ते हसले, आणि हसलेला माणूस नाही म्हणत नाही. मी इंजिनिअर झालो तो असा.

आज मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. आम्ही दारांची हँडलं बनवतो. हँडल किती जोरानं दाबल्यावर दार उघडावं, हे मोजणं माझं काम. मोजायचं प्रत्येक उपकरण दर सहा महिन्यांनी तपासलं जातं आणि त्यावर कॅलिब्रेशनचा हिरवा स्टिकर लागतो. स्टिकर नसलेलं उपकरण कुणाच्या हातात दिसलं की मी ते काढून घेतो. ह्या बाबतीत कारखान्यात माझं नाव जरा वाईटच आहे.

तीन वर्षांपूर्वी कंपनीची सहल म्हणून आम्हाला एका शूटिंग क्लबात नेलं. पॉइंट टू टूचं पिस्तूल हातात आलं आणि माझ्या बोटाला थेट ब्रेकचा दांडा आठवला. पुढच्याच आठवड्यात मी सभासद झालो. इथे पिस्तूल आपल्या घरी नसतं. ते क्लबाचं, क्लबाच्या पोलादी कपाटातलं. नियमित येणाऱ्याला एक ठरलेलं देतात, इतकंच. दर शनिवारी सकाळी मी सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या घरून निघतो. बायको म्हणते, "निघाले वाळवंटात बार काढायला."

यंदा क्लबाचा चार जणांचा संघ अबुधाबीच्या सामन्याला जाणार होता. तिघं ठरलेले होते. चौथ्या जागेसाठी आम्ही पाच जण होतो आणि एका शनिवारी सकाळी दहाला निवड होती. प्रत्येकी वीस गोळ्या, पाच-पाच गोळ्यांची चार कार्डं. मला ती जागा हवी होती. का, ते क्लबात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सर आता निवृत्त झालेत, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. जिल्ह्याला राहिलेलं कार्ड त्यांना आणून द्यायचं, तर ते असंतसं सरावाचं चालणार नव्हतं. निवडीचं हवं होतं, आणि निवड झालेलं हवं होतं.

आणि नेमक्या त्याच महिन्यात माझ्या गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळाच्या खाली डावीकडे जायला लागल्या. एक-दोन नाही, पाचातल्या तीन.

ठरलेल्या तिघांतला एक मुंबईकर आहे, बँकेत आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि शंभर पटींनी बोलका. त्यानं कार्ड बघितलं आणि निदान केलं. "दादा, ट्रिगर जड आहे तुमचा. बदलून टाका. फॅक्टरी ट्रिगर म्हणजे हॉटेलातल्या फुकटच्या सपाता. सगळ्यांसाठी बनवलेल्या, म्हणून कुणाच्याच पायाला बसत नाहीत."

त्यानं स्वतःचा बदलून घेतला होता, आणि तो खरोखर फार छान मारतो. मला तो थापा मारतोय असं म्हणायला जागा नव्हती.

ट्रिगरचं वजन म्हणजे गोळी सुटायला बोटानं जो जोर लावावा लागतो तो. आमच्या सामन्यांच्या नियमानुसार ते एक किलोच्या खाली चालत नाही. ते तपासायची रीतही मजेशीर आहे. रिकाम्या पिस्तुलाच्या ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवायचं आणि नळी वर करून पिस्तूल अलगद उचलायचं. वजन लोंबकळत राहिलं तर पास. टक् वाजलं तर नापास. आणि क्लबाचा दंडक असा, की ज्याचं पिस्तूल त्यानंच उचलायचं. ह्यावरून ट्रिगर किलोच्या वर आहे एवढं कळतं. किती वर, ते कळत नाही. मला ते 'किती' हवं होतं.

कारखान्यातून उपकरण आणता आलं असतं. पण तपासलेलं उपकरण फाटकाबाहेर न्यायचं नाही, हा नियम माझाच. मग मला आमच्या घरचा काटा आठवला. इथल्या प्रत्येक मराठी घरात बॅगा तोलायचा काटा असतोच. आमच्याकडे दोन आहेत: मोठ्या बॅगांचा डिजिटल, आणि केबिन बॅगेसाठी दहा किलोपर्यंतचा छोटा स्प्रिंगचा, गोल तबकडीचा. पंधरा दिरहॅमचा, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या घरातला. बायको चेष्टा करील म्हणून तिला न विचारता मी तो कपाटातून काढला. चौदा वर्षांच्या मुलीनं बघितलंच.

"बाबा, व्हाय डू यू नीड दॅट? वी आर नॉट गोइंग टू इंडिया."

"ट्रिगर तोलायचाय."

"विथ अवर लोणचं स्केल? ओके. गुड लक."

क्लबात मी काट्याचा आकडा ट्रिगरला लावून हळूहळू ओढला. तीनदा ओढला, सरासरी काढली. एक किलो सहाशे ग्रॅम! मला इतका आनंद झाला की काय सांगू. आजार सापडल्याचा आनंद. किमान एक किलो चालत असताना मी दीडपटीहून जड ट्रिगर ओढत होतो. गोळ्या खाली जातील नाहीतर काय.

त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. ट्रिगर बदलावा की कारखान्यातून आला तसाच ठेवावा, असा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"मला पिस्तुलातलं काही कळत नाही रे. पण बदलायच्या आधी मोजलंस का?"

"मोजलं, सर. तीनदा."

"कशानं?"

"काट्यानं."

"बरं," सर म्हणाले. गणिताच्या तासाला फळ्यावरचं उत्तर बघून ते असंच 'बरं' म्हणायचे, आणि नंतर आपल्याला चूक सापडायची. फोनवर ते मला ओळखता आलं नाही.

क्लबाची शस्त्रं दुरुस्त करणारे गृहस्थ कन्नूरकडचे आहेत. साठीचे, पांढरी दाढी, आम्ही सगळे त्यांना इक्का म्हणतो. त्यांच्याकडे मोठ्या भावाला तसं म्हणतात. मी ट्रिगर हलका करायचा म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एंजिनीर सार, हात हलका होना या ट्रिगर हलका होना?"

"ट्रिगर, इक्का. मोजून आणलंय. एक किलो सहाशे आहे, मला एक किलो शंभर पाहिजे."

"कंपनीवाला सोच के बनाया है. गिरने का, टकराने का, सब सोच के."

"पण त्या मुंबईकराचा तर तुम्हीच करून दिलात!"

"वो पैले एक साल फॅक्टरी ट्रिगर पे मारा. फिर आया." मग त्यांनी खांदे उडवले. "लिखो फॉर्म. आप बोला, पाँच सौ कम. मैं पाँच सौ कम करेगा. शनिवार को आप खुद उठाना."

मी फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं: सध्याच्या वजनातून पाचशे ग्रॅम कमी करणे. खाली सही. सहीखाली, सवयीनं, 'क्वालिटी इंजिनिअर'.

निवडीच्या शनिवारी मी नऊलाच पोचलो. इक्कांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं होतं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि बाजूला एक किलोचं वजन ठेवलं. मी वजन अडकवलं, नळी वर धरली, उचलायला लागलो. वजन टेबलावरून पुरतं उठलंही नाही आणि टक्.

पुन्हा केलं. टक्.

"खलास," इक्का म्हणाले.

माझ्या कानशिलांतून गरम वाफ गेली. "इक्का, तुम्ही जास्त काढलंत!"

"पाँच सौ लिखा, पाँच सौ निकाला." त्यांनी छोटी छोटी वजनं लावून दाखवलं. ट्रिगर सातशेला सुटत होता.

"म्हणजे आधी एक किलो सहाशे नव्हताच? बाराशेच होता?"

इक्कांनी हात पुढे केला. "काटा दिखाओ."

काटा माझ्या बॅगेतच होता. त्यांनी तेच एक किलोचं वजन त्याला टांगलं. काटा एक किलो चारशेवर जाऊन थांबला. मग वजन काढलं. काटा खाली आला आणि शून्यापाशी मुलीनं लहानपणी चिकटवलेल्या चमचमत्या चांदणीमागे गेला. इक्कांनी नखानं ती चांदणी सोलून काढली. रिकामा काटा चारशेवर उभा होता. माझ्या उपकरणावर एकच स्टिकर होता, आणि तो हा असा.

मी बायकोला फोन लावला, स्पीकरवर, कारण एका हातात पिस्तुलाचा फॉर्म होता. "तू केबिन बॅगेच्या काट्याला काही केलंयस का?"

"केलंय की. मागचा स्क्रू फिरवून चारशे वाढवून ठेवलेत. चार-पाच वर्षं झाली."

"चारशे? कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्ही शेवटच्या क्षणी काहीतरी कोंबता म्हणून! विमानतळावर आपली बॅग कधी उघडावी लागली का? गोडा मसाला कधी काढून ठेवावा लागला का? त्या काट्याचे उपकार माना. आणि तो तुमच्याकडे काय करतोय?"

मागून मुलीचा आवाज आला, "आय टोल्ड यू, बाबा! लोणचं स्केल!"

मराठी अर्धंमुर्धंच कळत असूनही इक्कांना सगळं कळलं होतं. ते खुर्चीत बसून पोट धरून हसत होते. "सार, मेरे घर में भी! बीबी एक किलो ज्यादा रखी है. गल्फ में सबका काटा झूठ बोलता, मालूम नई आपको?" एवढ्यात मुंबईकर आला. त्याला इक्कांनी पहिल्यापासून सांगितलं, माझ्या सहीखालच्या 'क्वालिटी इंजिनिअर'सकट. तो म्हणाला, "दादा, तुमच्या कारखान्यात हे कळू द्यायचं नसेल तर आज जेवण तुमच्याकडून."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी हसायला लागलो तो थांबेना. महिनाभर ज्या जड ट्रिगरशी मी झगडत होतो, तो जडच नव्हता. मी उगाच घाबरून त्याला कचकन ओढत होतो.

"अब?" इक्कांनी विचारलं. "सवा नौ. बीच का भी बना सकता, ग्यारह सौ. नहीं तो पुराना."

मी विचार केला, पण फार नाही. "जुनाच लावा."

त्यांनी टेबलाच्या खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात कारखान्याची मूळ स्प्रिंग होती, आणि पिशवीवर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 'शनिवार वापस'. वीस मिनिटांत पिस्तूल होतं तसं झालं. मी एक किलो उचललं. वजन लोंबकळत राहिलं, एखाद्या शहाण्या मुलासारखं. "यल्ला," इक्का अरबीत म्हणाले, "चलो, जाओ."

पहिलं कार्ड हसू आवरण्यातच गेलं. दुसऱ्या कार्डापासून मी शाळेमागच्या उतारावर होतो. घंटीला गंज चढलेली, दुकानातली एक बिनमालकाची सायकल, समोरून येणारी म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा. मी ब्रेक दाबत आणत होतो. गोळी कधी सुटली ते माझं मलाच कळत नव्हतं. चौथ्या कार्डाच्या चार गोळ्या अशाच गेल्या. शेवटची राहिली, आणि माझ्या मनात आलं, आता ही लागली की झालं. असं मनात आलं की काय होतं, ते सरांनी मला आठवीतच सांगितलेलं आहे.

तरी एका गुणानं मी पहिला आलो. मुंबईकरानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तो बाराशे ग्रॅमच्या बराच वर होता. इक्कांनी नुसती दाढी कुरवाळली. जेवण मी दिलंच. चौघांच्या संघाला आणि इक्कांना, क्लबाच्या बाहेरच्या केरळी हॉटेलात, माशाची आमटी आणि परोटा. तो बँकवाला अजूनही आपल्या हलक्या ट्रिगरनं माझ्यापेक्षा चांगलं मारतो, हेही लिहायला हवं. त्याला तो शोभतो.

काट्याचा स्क्रू मी फिरवला नाही. बायकोनं ताकीद दिली आहे. चांदणी मात्र मुलीनं पुन्हा चिकटवली, आता वरच्या बाजूला.

शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब सुट्टीला आमच्या तालुक्याकडे निघालं होतं. त्यांच्या हातात मी चौथं कार्ड दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दिलं, आणि त्याबरोबर हे पत्र:

"सर,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो आहे असं समजा.

तुम्ही फोनवर विचारलं होतं, कशानं मोजलंस. मी काट्यानं म्हणालो. तो काटा केबिन बॅगेचा होता, आणि विमानतळावर पंचाईत होऊ नये म्हणून तुमच्या सुनेनं तो चारशे ग्रॅम पुढे करून ठेवला होता. मी शून्य न बघताच मोजलं. सहावीच्या मुलानंही आधी शून्य बघितलं असतं. तुमचं 'बरं' मला निवडीच्या दिवशी समजलं. माझे गुण कापायचे असतील तर कापा.

ट्रिगर मी बदलला आणि परत होता तसाच करून घेतला. कधीकाळी बदलीनही, पण आधी ह्याच्यावर एक वर्ष काढायचं ठरवलं आहे. बोटाला तो तुमच्या ब्रेकच्या दांड्यासारखाच लागतो. तो दांडा आमच्याच दुकानातला होता, म्हणजे सगळं घरचंच झालं. बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं, की लोक मऊ मागतात ते खरं, पण घट्टही उपयोगी पडतो.

सोबत कार्ड पाठवतो आहे. जिल्ह्याच्या निवडीपासून ते माझ्याकडे राहिलं होतं. उशीर झाला त्याची क्षमा असावी. निवड झाली आहे, पुढच्या महिन्यात अबुधाबीला जातो आहोत.

कार्ड उजेडाकडे धरून बघा, भोकं नीट दिसतील. डोळ्यांना ताण देऊ नका, काकूंना बघायला सांगा. मधल्या काळ्यात चार आहेत. खाली डावीकडे एक आहे, त्याभोवती मी पेन्सिलनं गोल केला आहे. चार गोळ्या ब्रेकच्या आहेत, सर. ती एक माशीची.

तुमचा विद्यार्थी"